आत्याबाई आश्रम पाहायला निघाली

दादाचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या फाल्गुनातली गोष्ट. धानाची चुरणी-मळणी कधीच आटोपली होती, बांधीतलं लाखोळीच्या डाळीचं पीक उपटून झालं होतं आणि घरात सगळ्यांना जरा टेकायला वेळ होता. संध्याकाळी बाबा जेवत होते. चुलीपुढे बसलेली आत्याबाई मागे न पाहताच म्हणाली, "भाऊ, वैनगंगेच्या पल्याड म्हाताऱ्या मानसायसाठी आश्रम निघाला म्हनते. मले पाहाचा आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "काऊन? कोनी काई बोललं तुले?"

"नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. पाहाचा आहे. पाहू तर दे."

माझ्या आईचा चेहरा उतरला. ती पदराला हात पुसत पुढे आली. "बाई, माहं काई चुकलं का?" नवी वहिनी दाराआड उभी होती, ती तर रडायलाच लागली. आत्याबाईनं तिघांकडे पाहिलं, तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "कोनाचं काई चुकलं नाई. कोनाचं चुकलं म्हनजेच मानसानं कुठी जावं का?"

आत्याबाई बाबांची थोरली बहीण. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी नवरा हिवतापानं गेला आणि ती परत आली. तिचं दुसरं लग्न, पाट लावायचं, दोनदा निघालं होतं. दोन्ही वेळा ती शेतातल्या मचाणावर जाऊन बसली आणि पाहुणे गेल्यावरच उतरली, असं सांगत. मग तो विषय कोणी काढला नाही. आमची आई लग्न होऊन आली तेव्हा चूल आत्याबाईचीच होती आणि पुढंही राहिली. आम्हां भावंडांना तिनंच न्हाऊमाखू घातलं. घरात तिचा मान होता. वाईट वागवलेल्या विधवेची गोष्ट सांगायला मी बसलेली नाही. तसं असतं तर सगळं सोपं झालं असतं. बाबांना कोणाला तरी रागावता आलं असतं.

पण वहिनी आल्यापासून स्वयंपाकघरात तीन बायका झाल्या होत्या. कोणी कोणाला बोलत नसे. फक्त आत्याबाई पिठाच्या डब्याला हात लावायला गेली, की वहिनी आधीच परात घेऊन बसलेली असे. "राहू द्या आत्याबाई, मी करतो नं." प्रेमानंच म्हणे बिचारी. आत्याबाई मग अंगणात जाई, गोठ्यात जाई, विहिरीवर जाऊन परत येई. मी तेव्हा चिमूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, रविवारी घरी येत असे. दर रविवारी मला ती जास्तच चुळबुळताना दिसे.

बाबांनी मला गोठ्यामागे बोलावून घेतलं. "तू रजा काढ. तिच्यासंग जा, चार दिवस राहा आनि घेऊन ये. तिथी वाईट काय काय आहे ते दाखव तिले. शिकलेली आहेस, तुले दिसन. लोक म्हनतीन, बहिणीले घराबाहेर काढलं यानं."

म्हणजे मी गेले ते आधीच निकाल ठरवून. आश्रमातलं वाईट शोधायचं, एवढंच माझं काम.

नागभीडहून छोट्या रेल्वेनं ब्रह्मपुरी आणि तिथून बंडीनं नदी. वाटेत आत्याबाई एका जागी बसली नाही. डब्यातल्या बाकड्यावरून उठे, खिडकीशी जाई, पुन्हा बसे, गाठोडं सोडून बांधे. तिनं एवढ्या लांबचा प्रवास आधी कधी केला होता, असं मी विचारलं. ती म्हणाली, "लगनाच्या वक्ती. आनि वापस आली तेव्हा." वैनगंगेला पाणी कमी होतं, तरी मधल्या धारेत डोंगा, म्हणजे लहान होडी, घ्यावा लागला. डोंग्यात ती माझं मनगट घट्ट धरून बसली होती आणि नजर मात्र पलीकडच्या काठावर होती.

आश्रम म्हणजे एका मालगुजारानं दिलेली आमराई आणि त्यात उभी केलेली दोन लांब कौलारू घरं. एकात बाया, एकात बाप्ये. मधे विहीर, चुलाणं, तुळस, आणि एका आंब्याला टांगलेली घंटा. आमराईला बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि पुढे लाकडी फाटक. आश्रम चालवणाऱ्या बाई खादीचं लुगडं नेसत, बेचाळीसच्या धामधुमीत तुरुंगात जाऊन आल्या होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्यांनी आत्याबाईला पाण्याचा तांब्या दिला आणि हसून म्हणाल्या, "पाहायला आल्या ना? मग नीट पाहा. मी काही सांगत नाही."

आत्याबाईनं शब्दशः तेच केलं. आधी स्वयंपाकघरात शिरली, वरणाच्या गंजात डोकावली, तांदूळ मुठीत घेऊन पाहिला. मग बायांच्या घरात. प्रत्येकीला एक खाट, एक कोनाडा, लुगडं वाळत घालायला दोरीचा आपापला तुकडा. दोरीच्या त्या तुकड्याशी ती बराच वेळ उभी राहिली. "हा हिचा हिचाच?" तिनं मला विचारलं. "दुसरी कोनी टाकत नाई?"

मग ती खाटेखाटेवर जाऊन एकच प्रश्न विचारू लागली. "इथी कसं लागते वो बाई?"

आरमोरीकडची एक चांगल्या घरची म्हातारी म्हणाली, "चांगलं आहे. कोनाच्या पायात येत नाई मी." दुसरी म्हणाली, "घंटीवर उठा, घंटीवर जेवा, घंटीवर झोपा. पोटाले भूक लागली का नाई, ते घंटीले मालूम." तिसरीनं पदराआडून तंबाखूची पुडी दाखवली आणि पुन्हा लपवली. "हे चालत नाई इथी. बाकी सगळं चालते." एक जण नुसती रडली. एक जण तिच्या रडण्यावर चिडली, "ही रोजच रडते, घरीबी रडतच असन." मी मनात बाबांसाठी वाईटाची मोजदाद करत होते आणि ती चांगली भरत होती. पण त्याच बाया दुपारी ओसरीवर सूत काढायच्या टकळ्या घेऊन बसल्या आणि त्यांच्या गप्पा सुरू झाल्या, तेव्हा मी गोंधळले. आपापल्या सासवांच्या गोष्टी सांगून त्या अशा हसत होत्या, की टकळ्या थांबल्या. आमच्या घरी आत्याबाईच्या वयाचं कोण होतं? तिच्या लहानपणचं गाणं ठाऊक असलेलं एकही माणूस आमच्या गावात उरलं नव्हतं. हे आधी कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

जेवायला सगळ्या एका पंगतीत. आत्याबाईच्या शेजारी एक गोंड म्हातारी बसली होती, धानोऱ्याच्या पलीकडच्या रानगावातली. कपाळावर, हातांवर गोंदण, पाठ ताठ. आत्याबाईनं त्या रात्री ताट पुढे ओढलं नाही. "मले भूक नाई," म्हणाली आणि घरून आणलेल्या दशम्या खाटेवर बसून खाल्ल्या. आमच्या गावात ती अशा पंगतीत कधी बसली नव्हती. गोंड म्हातारीनं ते पाहिलं आणि आपलं ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईला काही सुचेना. ती पाहुणी, म्हणून कोणी तिला कामाला हात लावू देत नव्हतं. तांदूळ निवडायला बसली तर आचारीणबाई म्हणाली, "तुमी बसा." पाणी शेंदायला गेली तर दोर हातातून घेतला. ती फाटकापर्यंत जाई आणि परत येई, फाटकापर्यंत जाई आणि परत येई. शेवटी माझ्याजवळ येऊन बसली. "हात रिकामे राह्यले की मले भेव लागते पोरी. घरी सून काम घेते आनि इथी आचारीण. मंग फरक काय झाला?"

"मग जाऊ या का परत?" मी लगेच विचारलं.

"काऊन घाई करून राह्यली तू? भावानं सांगितलं का?"

तिला सगळं कळत असे.

त्याच दिवशी बाप्यांच्या घरातला एक म्हातारा गेला. बरेच दिवस अंथरुणावर होता म्हणे. त्याचं असं कोणी नव्हतं. पण सगळे उठले. ज्यांना चालवत नव्हतं, तेही काठ्या टेकत आंब्याखाली येऊन उभे राहिले. बायांनी पाणी तापवलं. त्याच्याच वयाच्या चौघांनी खांदा द्यायचा हट्ट धरला आणि फाटकापर्यंत का होईना, दिला. आत्याबाई माझ्या कानात म्हणाली, "राजासारखा गेला पाहा. आपल्या गावात एकट्या मानसाच्या मयतीले एवढे लोक येतीन का?" पण दुपारी त्याची खाट पाण्यानं धुऊन उन्हात ठेवलेली तिला दिसली. बाईंनी सहज सांगितलं, की वडसा भागातला एक म्हातारा केव्हापासून जागेची वाट पाहत आहे, परवा येईल. आत्याबाई त्या खाटेभोवती फिरली. सांजच्या पंगतीला मात्र ती गेली, त्याच गोंड म्हातारीशेजारी बसली आणि ताट पुढे ओढून जेवली. तिनं तसं का केलं, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा तिची खाट रिकामी होती. मी विहिरीवर पाहिलं, स्वयंपाकघरात पाहिलं. फाटक उघडं होतं. मी धावत बाहेर पडले आणि माझ्यामागून बाईही निघाल्या.

आमराईच्या पुढे थोडी पडीक जमीन आणि मग जंगल सुरू होई. तिथं मोहाची तीन-चार मोठी झाडं. झाडांखाली फुलांचा नुसता सडा पडला होता आणि त्यात आत्याबाई आणि ती गोंड म्हातारी, दोघी ओचे खोचून, मधे टोपली ठेवून, वाकून फुलं वेचत होत्या. गोंड म्हातारीनं पहिली ओंजळ झाडाला म्हणून बुंध्याशी ठेवली होती. ती आपल्या बोलीत फुलाचं नाव सांगत होती, आत्याबाई ते म्हणायचा प्रयत्न करत होती आणि दर वेळी चुकत होती. दोघी हसत होत्या. आत्याबाईला असं मोठ्यानं हसताना मी घरी कधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

बाई धापा टाकत पोचल्या. "फाटकाबाहेर जायचं तर विचारून जायचं, हा नियम आहे," त्या गोंड म्हातारीला म्हणाल्या. "तुम्हाला कितीदा सांगितलं! आणि आता पाहुण्यांनाही घेऊन आल्या?"

ती म्हातारी वेचतच राहिली. "फूल घंटीची वाट पाहात नाई," म्हणाली. "उन्ह चढलं का रानातलं सगळं येऊन खाते."

आत्याबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "विचारून जानं मले जमते, बाई. माहेरात विचारून गेली, सासरी विचारून गेली, भावाच्या घरी विचारूनच जातो. पन इथीबी विचाराचंच असन, तर मंग घरी काय वाईट आहे?"

बाईंनी घाम पुसला. मग शांतपणे म्हणाल्या, "मोहाखाली अस्वल येतं. मागच्या साली शेजारच्या गावातल्या एका बाईचा चेहरा फाडला त्यानं. उद्या तुम्हाला काही झालं, तर या पोरीच्या बापाला मी काय सांगू? तुमच्या घरच्यांनी तुम्हाला माझ्या हवाली केलं आहे ना?"

"मले कोनी हवाली नाई केलं," आत्याबाई म्हणाली. "मी आपल्या पायानं आली."

मी बाईंच्या बाजूची, की आत्याबाईच्या, हे मला ठरवता येईना. दोघींचंही खरं होतं. मग बाई खाली बसल्या आणि टोपलीत फुलं टाकू लागल्या. "आता आलेच आहे तर," म्हणाल्या. "पण उद्यापासून निदान एक घमेलं घेऊन या. वाजवत राहा."

घरी परतलो तेव्हा बाबा पारावर वाट पाहत होते. "पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मंग?"

"चांगलं आहे. आनि वाईटबी आहे."

बाबांना ते पुरेसं वाटलं. ते उत्साहानं आईला म्हणाले, "झालं एकदाचं तिच्या मनासारखं." आईनं त्या दिवशी पुरण घातलं.

पण झालं काहीच नव्हतं. त्या उन्हाळ्यात आत्याबाईनं आमच्या सगळ्यांच्या जिवाला चैन म्हणून पडू दिलं नाही. सकाळी म्हणे, आपलं घर ते आपलं घर. दुपारी तेंदूपत्त्याचे पुडे बांधता बांधता मधेच थांबे आणि म्हणे, "आता तिथी सगळ्या ओसरीवर बसल्या असतीन." वहिनीला दिवस गेले होते. आत्याबाई तिच्या पोटाकडे पाहून म्हणे, "हे लेकरू कोन सांभाळन?" आणि लगेच, "याची आई आहे, आजी आहे. मी कशाले?" मी रविवारी गेले की मला बाजूला घेऊन पुन्हा सगळा हिशोब मांडे. तिथं स्वतःची खाट आहे, पण खाट धुऊन उन्हात टाकतात. इथं माणसं आपली आहेत, पण सगळी लहान आहेत. तिथं घंटी आहे. इथं घंटी नाही, पण इथंही सगळ्यांच्या वेळा बघूनच उठावं लागतं. मी एकदा वैतागून म्हणाले, "आत्याबाई, तू एकदाचं काय ते ठरव."

"तुह्यासाठी ठरवू का?" ती म्हणाली. "मले तर आजलोग कोनी कधी ठरवाले सांगितलंच नाई. करू दे नं मले जरा."

वहिनीला मुलगा झाला. बाळंतपण आत्याबाईनंच केलं, बारसं झालं, पावसाळा सरला. नवरात्र उठल्यावर एका सकाळी तिनं गाठोडं बांधलं आणि दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, बंडी जुंप."

बाबांनी बंडी जुंपली आणि ते स्वतःच तिला पोचवायला गेले. तिथल्या कोणाशी ते बोलले नाहीत, पाणीसुद्धा न पिता फाटकावरून परतले. परत आल्यावर ते बरेच दिवस कोणाच्या घरी गेले नाहीत. गावात बोललं गेलंच. पारावर एकानं विचारलं, "बहीण कुठी आहे म्हना आता?" बाबा उठून निघून आले.

दिवाळी आली. आई म्हणाली, "भाऊबीजेले बाईले आना." बाबा गेले आणि आत्याबाईला घेऊन आले.

त्या दिवाळीत जे झालं, त्याचा आमच्यापैकी कोणी विचारच केला नव्हता. बंडी दारात थांबली तशी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आत्याबाईसाठी पाट मांडला, नवं लुगडं आणलं, पुरणाची दिंडं केली. आत्याबाई उंबऱ्यातच थांबली. कावरीबावरी झाली. आई म्हणाली, "या नं बाई, काऊन थांबल्या?"

"मी पाहुनी आली का वो?" आत्याबाईनं विचारलं.

ती जवळजवळ जन्मभर माहेरात राहिली होती, म्हणून तिला माहेरपण कधी मिळालंच नव्हतं. माझ्या आईला बोळवण मिळे, गावातल्या साऱ्या लेकींना मिळे. आत्याबाई त्यांची दिंडं करी. त्या दिवाळीत ती पाटावर बसून जेवली आणि निघताना आईच्या गळ्यात पडून सासरी जाणाऱ्या पोरीसारखी रडली. रडली, पण थांबली नाही.

पुढची दोन-अडीच वर्षं तशी गेली. मी सुट्टीत जाऊन येई. तिला तिथं भाजीचा वाफा मिळाला होता. मोहाच्या दिवसांत पाच-सहा जणी घमेली वाजवत बाहेर जात आणि बाई फाटकाशी उभ्या राहत. आत्याबाई आणि ती गोंड म्हातारी यांच्या खाटा शेजारी आल्या होत्या. प्रार्थनेच्या वेळी ती म्हातारी बसे, पण ओठ हलवत नसे आणि आत्याबाई तिला कोपर मारून हसवायला बघे.

मग त्या म्हातारीचा मुलगा आला. रानगावात नवं घर बांधलं होतं, आईला न्यायला आला होता. तिनं दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा गेली. त्यानंतर आत्याबाईचं मन उडालं. मी भेटायला गेले तर म्हणाली, "आता करमत नाई इथी." बाबा आनंदानं जाऊन तिला घेऊन आले. घरी ती दोन महिने राहिली, नातवाला खेळवलं आणि मग पुन्हा, "भाऊ, बंडी जुंप." नंतर असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं. ती इथं असली की तिथली आणि तिथं असली की इथली. बाबा चिडत. "तुले नेमकं पाह्यजे काय?" ती म्हणे, "तेच तर पाहून राह्यली."

एका श्रावणात ती तिथं असताना तापानं फणफणली. वैनगंगा दोन्ही काठ सोडून वाहत होती, डोंगे बंद होते. आश्रमाचा माणूस निरोप घेऊन काठावर आला आणि तिथंच बसून राहिला. पाणी उतरलं आणि निरोप आमच्यापर्यंत आला, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

बाबा आणि मी गेलो. बाईंनी बसवलं, पाणी दिलं. बाबा या खेपेला पाणी प्याले. बाईंनी सांगितलं, की ब्रह्मपुरीच्या डॉक्टरला आणायला माणूस नदीपर्यंत जाऊन परत आला. आपल्याला दोष देणारा एक शब्द तरी बाबा बोलतील, म्हणून त्या थांबल्या होत्या. बाबांनी नुसतं विचारलं, "एकटी होती का?"

"नाई बापा," ओसरीवरची एक म्हातारी म्हणाली. "आमी सगळ्या होतो. पाय चोळून देत होतो आलटून पालटून."

"इथी खुश होती का वो ती?"

"खुश म्हनजे! दिवसभर बोले. आमच्यात सगळ्यात मोठ्यानं हसे."

"कुठी खुश?" दुसरी लगेच म्हणाली. "सारखी फाटकाकडं पाहे. कोन आलं, कोन आलं, करे."

त्या दोघींचं तिथंच भांडण लागलं. एक म्हणे तुला काय माहीत, मी शेजारी होते. दुसरी म्हणे मी जास्त दिवस शेजारी होते. बाई त्यांना गप्प करू लागल्या. बाबांनी हातानं थांबवलं. ते ओसरीच्या पायरीवर सरकून बसले आणि त्यांनी आधी एकीला आणि मग दुसरीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.